वरचा नंबर, खालचा नंबर

आमच्या दुकानात त्यांना सगळे काचबाई म्हणायचे. चष्म्याच्या फ्रेममध्ये काच घासून बसवायचं काम त्या करत, आणि हे काम त्यांच्याइतकं नेमकं गावात दुसरं कोणी करत नाही, असं आमचे मालक गिऱ्हाइकांना सांगत. मालक बऱ्याच गोष्टी फुगवून सांगायचे, पण ही खरी होती. फ्रेम हातात घेऊन नुसती उजेडाकडे धरली तरी कोणती काच अर्धा मिलिमीटर सरकलीय ते काचबाई सांगत. मग यंत्रावर तपासलं की तेवढंच निघायचं.

मी त्यांच्या शेजारच्या टेबलावर, कॉम्प्युटरपुढे बसायचो. डोळे तपासून आलेल्या माणसाचा नंबर, दोन बुबुळांमधलं अंतर, फ्रेमचं माप हे सगळं भरायचं आणि चिठ्ठी त्यांच्याकडे सरकवायची, हे माझं काम. सोळा वर्षं आम्ही असे शेजारी बसलो. त्या मला भाऊ म्हणायच्या, मी त्यांना बाई म्हणायचो. घासायचं यंत्र सुरू असलं की बोलता यायचं नाही, म्हणून त्यांच्या घरच्या गोष्टी मला दोन काचांच्या मधल्या वेळात, तुकड्यातुकड्यांनी कळल्या. ही गोष्टही तशीच कळली. फक्त तिच्यातलं एक काम मी माझ्या हाताने केलं, आणि ते मला आजही खटकतं.

काचबाईंचं घर दोन मजली. वर त्या आणि त्यांचे यजमान, खाली धाकटा दीर आणि त्याची बायको. यजमान पाण्याचे मीटर वाचत घरोघरी फिरायचे आणि दिवसभर लोकांच्या तक्रारी ऐकून घरी आल्यावर तोंडाला कुलूप लावायचे. दीर मालट्रकवर, आठवड्यातले चार दिवस बाहेर. त्याच्या बायकोने, म्हणजे धाकटीने, खालच्या पुढच्या खोलीत पार्लर थाटलं होतं. एक खुर्ची, एक आरसा, वाट बघणाऱ्यांसाठी एक बाकडं. धाकटीला मूलबाळ नव्हतं. काचबाईंना एकच मुलगी.

मुलगी शाळेतून दोन वाजता यायची आणि काचबाई दुकानातून घरी पोहोचायच्या आठला. मधले सहा तास ती पोर खालच्या बाकड्यावर वाढली. तिथेच जेवली, तिथेच अभ्यास केला, तिथेच बायकांच्या गप्पा ऐकल्या. काचबाई ह्याबद्दल धाकटीचे उपकार मानायच्या, पण ते मानताना त्यांचा चेहरा औषध घेतल्यासारखा व्हायचा.

पुढे लेक शिकली, आणि दूरच्या शहरात नकाशे काढायच्या कचेरीत नोकरीला लागली. तेव्हा सगळ्यांच्या हातात स्मार्टफोन आलेले नव्हते. साधे मोबाइल होते, पण काचबाईंची गल्ली खोलगट, तिथे मोबाइल लावायचा तर गच्चीवर जाऊन एका पायावर उभं राहावं लागे. घरात बोलायचं ते जुन्या फोनवरच. तो जिन्याच्या मधल्या वळणावर, भिंतीतल्या कोनाड्यात. दोन्ही मजल्यांना मिळून एक.

दर रविवारी सकाळी दहाला लेकीचा फोन यायचा. काचबाई पावणेदहापासून पायरीवर चादर टाकून बसलेल्या असत. पंधरा-वीस मिनिटं बोलून झालं की खाली हाक मारायच्या, "धाकटे, ये गं, दोन मिनिटं बोलून घे." धाकटी हातातला कंगवा तसाच घेऊन वर धावायची. ती बोलत असेपर्यंत काचबाई पायरीवरून उठायच्या नाहीत. दोन मिनिटांची तीन झाली की म्हणायच्या, "आटपा आता, तिला धुणं असतं रविवारचं." वर्षानुवर्षं हे असं चाललं होतं आणि त्यात काही वावगं आहे असं काचबाईंना कधी वाटलं नाही.

मग एक दिवस टेलिफोन कंपनीचं पत्र आलं. गल्लीतल्या जुन्या तारा काढणार, त्या जागी इंटरनेटवरून चालणारा फोन मिळणार. बसवायला एक जाडजूड माणूस आला. त्याने वरच्या खोलीत खिडकीजवळ एक छोटी पेटी लावली. पेटीवर हिरवे दिवे होते. जिन्यातला फोन काढून त्याने त्याचे स्क्रू हाताच्या पंजावर घेतले आणि हात लांब करून, मान मागे टाकून बघायला लागला.

"तुम्हाला चष्मा लागलाय," काचबाई म्हणाल्या.

"नाही हो, उजेड कमी आहे."

"उजेड भरपूर आहे. जवळचा दीडचा असेल. दुकानात या."

तो ओशाळला, पण मग त्याने एक गोष्ट सांगितली ज्यावरून पुढचं सगळं घडलं. ह्या जोडणीवर दोन नंबर मिळतात. जुना नंबर राहतो, शिवाय एक नवा. दोन फोन, दोन वेगळे नंबर, दुसऱ्या नंबरला वेगळे पैसे काही नाहीत.

जुना नंबर कोणाचा, ह्यावर घरात बोलणं झालं. बोलणं म्हणजे काचबाई बोलल्या. जुना नंबर वरचा, कारण थोरला भाऊ वर राहतो, कारण लेकीला तोच पाठ आहे, कारण नातेवाइकांकडे तोच लिहिलेला आहे. यजमान म्हणाले, "बरं." दीर घरी नव्हता. धाकटी म्हणाली, "ताई, मला नवा चालेल." ती इतक्या पटकन तयार झाली की काचबाई जरा चमकल्या. पण आपण जिंकलो हीच भावना त्या वेळी मोठी होती. दुसऱ्या दिवशी दुकानात येऊन मला म्हणाल्या, "नंबर आपल्याकडेच राहिला, भाऊ."

महिन्याने त्यांनी पर्समधून एक कागद काढला. त्यावर कंपनीची वेबसाइट आणि पासवर्ड लिहिलेला होता. "ह्यात म्हणे सगळं दिसतं. बघून द्या जरा, सगळं ठीक चालू आहे ना."

जेवणाची सुट्टी होती. मी डबा बाजूला सारला आणि साइट उघडली. पडद्यावर यादी आली. तारीख, वेळ, कुठून फोन आला, कुठल्या नंबरवर आला, किती वेळ चालला. काचबाई माझ्या खांद्यावरून वाकल्या. लेकीचा नंबर त्यांनी लगेच ओळखला.

"रविवार, दहा वाजून दोन मिनिटं. अकरा मिनिटं," त्यांनी वाचलं. "बरोबर. त्या रविवारी तिला घाई होती. आणि हे खालचं काय? मंगळवार, सव्वादोन. बेचाळीस?"

"बेचाळीस मिनिटं."

"हा तर तिचाच नंबर आहे."

"हो. पण खालच्या फोनवर आलाय."

"सेकंद असतील."

"सेकंदांचा रकाना वेगळा आहे, बाई."

काचबाई बोट पडद्यावर टेकवून एकेक ओळ खाली उतरत गेल्या. बुधवार, अडतीस. शुक्रवार, पंचावन्न. रविवार, वरचा नंबर, नऊ. मंगळवार, खालचा नंबर, एक्केचाळीस. महिन्याची यादी संपली तेव्हा पडद्यावर त्यांच्या बोटाचा एक लांब ओघळ उमटला होता. मी म्हणालो, "तुम्ही दुपारी इथे असता ना. तिची जेवणाची सुट्टी तेव्हा असणार."

"संध्याकाळी तिच्या कचेरीत काय फोनला बंदी असते?" त्या म्हणाल्या आणि त्यांनी यंत्र सुरू केलं.

त्या दिवसापासून त्यांचं चित्त थाऱ्यावर राहिलं नाही. दर सोमवारी जेवणाच्या सुट्टीत कागद पर्समधून बाहेर यायचा. पुढे कागद लागेनासा झाला, पासवर्ड मलाच पाठ झाला. त्यांनी रविवारचा फोन लांबवायचा चंग बांधला. समोर घड्याळ ठेवून बोलायच्या. काय जेवलीस, भाजी कुठून आणलीस, पांघरूण पुरतं का, घरमालकीण कशी आहे. एका रविवारी चौदा मिनिटं झाली. सोमवारी त्यांनी ती चौदा मला दाखवली आणि लगेच त्याआधीच्या ओळींवर नजर गेली. मागचा मंगळवार, त्रेपन्न.

"मी विचारते तेवढ्याचंच उत्तर देते ती," त्या म्हणाल्या. "हो. नाही. ठीक. मी काय तिची परीक्षा घेते?"

मला वाटलं, घेताच.

गुरुवारी दुकान अर्धा दिवस असे. एका गुरुवारी त्या घरी जेवून आडव्या झाल्या होत्या तेव्हा खालून धाकटीचं हसू ऐकू आलं. खोकला येईपर्यंत हसत होती. मध्ये "अगं थांब, पोट दुखलं माझं" असं म्हणाली, आणि पुन्हा हसली. काचबाईंनी जमिनीला कान लावला. हे त्यांनीच मला सांगितलं, आणि सांगताना त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. चाळिशी उलटलेली बाई, डोळ्यांचे डॉक्टर जिच्या कामाची वाखाणणी करतात ती, फरशीवर पालथी पडून जावेचं हसू ऐकत होती. शब्द एकही कळला नाही. लेकीने आपल्याला शेवटचं इतकं कधी हसवलं होतं हे आठवायचा त्यांनी प्रयत्न केला, आणि त्याने तर अंगाचा आणखीच तिळपापड झाला.

त्याच आठवड्यात त्यांनी उजवी काच डावीकडे बसवली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. गिऱ्हाईक पायरी चुकून दारातच धडपडलं. मालक नुसते बघत राहिले. काचबाईंना ते रागावण्यापेक्षा जास्त लागलं.

घरी धुसफूस सुरू झाली. खालून वाटी आली तर रिकामी परत जायला लागली. धाकटी जिन्यात भेटली की काचबाईंना नेमकं काहीतरी आठवायचं आणि त्या वळून वर जायच्या. मग मंगळवारी कामावर निघताना त्या खिडकीजवळच्या पेटीचं बटण बंद करायला लागल्या. घरात कोणी नसताना दिवे कशाला जळत ठेवायचे, असं यजमानांना सांगितलं. यजमान म्हणाले, "बरं." पेटी बंद म्हणजे खालचा फोनही बंद. दोन मंगळवार गेल्यावर धाकटीने कंपनीला कळवलं आणि तो जाडजूड माणूस पुन्हा आला. ह्या वेळी त्याच्या नाकावर चष्मा होता, आमच्याच दुकानातला. त्याने पेटी तपासली आणि म्हणाला, "मशिनला काही झालेलं नाही. कोणीतरी बटण बंद करतंय."

धाकटीने काचबाईंकडे बघितलं. काचबाई त्या माणसाला म्हणाल्या, "चष्मा बसला ना नीट?"

बटणाचा मार्ग बंद झाला. पुढच्या सोमवारी त्यांनी मला विचारलं, "भाऊ, खालच्या नंबरचे फोन वर येतील असं करता येतं का?"

साइटवर तशी सोय होती. फोन वळवायची. नंबर टाकायचा, एक चौकोन टिचकी मारून भरायचा, झालं. मी कशाला म्हणून विचारायला हवं होतं. मला माहीत होतं कशाला, म्हणूनच विचारलं नाही. त्यांचा चेहरा दोन महिन्यांत ओढल्यासारखा झाला होता, आणि मनात कुठेतरी मलाही ऐकायचंच होतं की त्या दोघी एवढं काय बोलतात. "उद्यापासून?" मी म्हणालो. "उद्यापासून," त्या म्हणाल्या. मी चौकोन भरला.

मंगळवारी त्यांनी रजा घेतली. डोकं दुखतंय असं मालकांना कळवलं. घरी फोनजवळ खुर्ची ओढून बसल्या. एक गोष्ट आमच्या दोघांच्याही ध्यानात आली नव्हती. यादीत आम्ही लेकीच्याच ओळी शोधायचो, पण खालच्या नंबरवर फक्त तिचेच फोन येत नव्हते.

साडेबाराला घंटी वाजली. "पार्लर ना? गुरुवारी चार वाजता येऊ का?" काचबाई गडबडल्या. "या," म्हणाल्या. पाऊण वाजता दुसरी. "गुरुवारी केस कापायचेत, कधी येऊ?" "चारला," काचबाई म्हणाल्या, कारण तेवढंच त्यांच्या तोंडात बसलेलं होतं. तिसरीने रंगाचं काहीतरी विचारलं, तिला त्यांनी सांगितलं की आज रंग नाही.

सव्वादोनला पुन्हा वाजली. त्यांनी रिसीव्हर उचलला आणि श्वास धरून ठेवला.

लेकीने हॅलो म्हटलंच नाही. जणू मघाशी अर्धवट राहिलेलं वाक्य पुढे चालू करावं तशी ती सुरू झाली. "काकू, ऐक ना, तो टक्कल झाकणारा साहेब आहे ना आमचा, आज पंखा एकदम जोरात लागला आणि त्याची ती बट उभी राहिली. उभी म्हणजे झेंड्यासारखी. मी नकाशात तोंड घातलं. शेजारची म्हणते, तुला नदी दिसत नाही का? मी म्हटलं, मला आता काहीच दिसत नाही." ती हसत होती. काचबाईंच्याही ओठांवर हसू येऊ घातलं होतं, पण आवाज करता येत नव्हता. लेक बोलत राहिली. भात करपला होता. घरमालकिणीच्या मांजरीने हिच्या चपलेत पिल्लं घातली होती. ह्यातलं एकही काचबाईंना माहीत नव्हतं. घरमालकीण कशी आहे, असं त्यांनी दर रविवारी विचारलं होतं, आणि दर रविवारी उत्तर आलं होतं, ठीक.

मग लेक म्हणाली, "आणि तो चष्मा गं, अजून नीट बसत नाही. तीन महिने झाले. संध्याकाळपर्यंत नाकावर खड्डे पडतात. काढावा तर भिंतीवरच्या नकाशातल्या रेघा एकात एक जातात. सातवीतच घेतला असता तर बरं झालं असतं. पण चष्मा नको म्हणून मी बसले तो तक्ता पाठ करून. आईला सांगू नकोस हं अजून. ती आधी म्हणेल तुझे डोळे चांगलेच आहेत. आणि मग म्हणेल, दुसऱ्याकडे केलासच कसा?"

हे समजून घ्यायला एक गोष्ट सांगावी लागेल. आमच्या दुकानातल्या भिंतीवर अक्षरांचा तक्ता होता. लेक सातवीत असताना शाळेतला फळा अंधुक दिसतो म्हणाली होती. काचबाई तिला दुकानात घेऊन आल्या, तक्त्यासमोर बसवलं, आणि तिने शेवटची बारीक ओळ धडाधड वाचून दाखवली. मी होतो तिथे. काचबाईंचा चेहरा फुलला होता. तेव्हापासून त्या गिऱ्हाइकांना सांगायच्या, माझी लेक बघा, तिच्या डोळ्यांना जन्मात काच लागायची नाही. दर वाढदिवसाला तिला आणायच्या आणि ती दर वर्षी वाचायची. तक्ता तोच होता. सुट्टीत ती त्याच्यासमोर बसून आईची वाट बघायची, तिला तो पाठ असणार हे आमच्यापैकी कोणाच्या डोक्यात आलं नाही.

काचबाई गप्प राहिल्या असत्या तर लेक बोलून बोलून फोन ठेवून गेली असती. पण इतक्या वर्षांची कामाची सवय आडवी आली. "खड्डे दोन्ही बाजूंना सारखे पडतात की एका बाजूला जास्त?" त्यांनी विचारलं.



"आई?"

"हं."

"मी काकूला लावला होता."

लाइन चुकली म्हणता आलं असतं. नव्या फोनचं कोणी काय सांगावं. काचबाई म्हणाल्या, "मी वळवला होता वर."

लेकीने फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी त्या दुकानात आल्या त्या पर्स खांद्यावरून न काढताच माझ्या टेबलापाशी उभ्या राहिल्या. "काढून टाका ते, भाऊ." मी काढलं. मग यंत्र सुरू न करता त्यांनी मला सगळं सांगितलं. शेवटी म्हणाल्या, "कोणी केला असेल हो तो चष्मा? कसल्या हाताने?" मला वाटलं होतं त्या रडतील. त्या रडल्या नाहीत. लेकीच्या नाकावर तीन महिने परक्या माणसाने घासलेली काच आहे, ह्या विचाराने त्या आतून पेटल्या होत्या.

गुरुवारी चार वाजता पार्लरमध्ये दोन बायका एकाच वेळी आल्या. दोघी म्हणाल्या, फोनवर आम्हाला चारच सांगितलं. दोघींनीही सांगितलं की फोनवर दुसऱ्याच बाई होत्या, जरा तुटक बोलत होत्या. धाकटीने एकीला बसवलं, एकीची क्षमा मागितली, काम उरकलं आणि जिना चढून वर आली. काचबाई अर्ध्या दिवसाच्या सुट्टीने घरीच होत्या.

"माझे फोन तुम्ही घेतलेत, ताई?"

"घेतले."

"बटण पण तुम्हीच बंद करत होता."

"हो."

धाकटी खाली बसली. काचबाईंना वाटलं होतं ती आवाज चढवेल, आणि त्यासाठी त्यांनी उत्तरंही तयार ठेवली होती. पण ती हळूच बोलायला लागली. "सहा तास, रोज. दहा वर्षं. वेण्या मी घातल्या, ताप मी मोजला, पहिल्यांदा पाळी आल्यावर घाबरून आली तेव्हा समजावलं मी. शाळेच्या वहीवर सही तुमची. बक्षीस मिळालं तर व्यासपीठावर बोलावलं तुम्हाला. मी मागे उभी. कधी बोलले मी काही?"

"मी कामाला जात होते. मजा मारायला नाही."

"ते मला माहीत आहे. मी तुम्हाला दोष देत नाही. पण रविवारी ती दोन मिनिटं द्यायचात ना मला, आणि समोर बसून राहायचात, तेव्हा मला इतका राग यायचा तुमचा की कंगवा फेकावासा वाटायचा. नवा नंबर मिळाला तेव्हा मी सगळ्यात आधी तिलाच सांगितलं. म्हटलं, आता कोणी समोर बसलेलं नाही, बोल."

आपण हिचा हेवा करतो हे काचबाईंना दोन महिने कळत होतं. ही आपला वीस वर्षं करत होती, हे आत्ता कळलं. त्यांनी मला सांगितलं की ते ऐकून त्यांना थोडं बरंसुद्धा वाटलं, आणि त्याची लाजही वाटली.

"तक्त्याचं तुला तेव्हाच माहीत होतं?" त्यांनी विचारलं.

"सातवीतच."

"मग मला का नाही सांगितलंस?"

धाकटी नखं बघायला लागली. "कारण ते मला एकटीलाच माहीत होतं," ती म्हणाली.

मग खाली कोणीतरी दार वाजवलं म्हणून धाकटी उठून गेली.

दोन रविवार फोन आला नाही. वर नाही आणि, काचबाईंनी मला यादी बघायला लावली, खालीही नाही. तिसऱ्या आठवड्यात लेक स्वतःच आली, चार दिवसांची सुट्टी काढून, आणि नाकावर चष्मा घालूनच जिना चढली. काचबाईंनी तिला बस म्हणायच्या आधी हात पुढे केला. लेकीने चष्मा काढून दिला.

दुसऱ्या दिवशी तो चष्मा लेकीसकट दुकानात आला. काचबाईंनी तो आधी उजेडाकडे धरला, मग यंत्राखाली ठेवला. मी बघत होतो. त्यांना काय हवं होतं ते मला स्वच्छ दिसत होतं. काच दोन मिलिमीटर सरकलेली निघावी, नंबर चुकलेला निघावा, कडा ओबडधोबड निघाव्यात. त्यांनी उजवी काच तीनदा मोजली, डावी चारदा. लेकीच्या बुबुळांमधलं अंतर पुन्हा मोजलं. माप जिथल्या तिथे होतं. कड अशी घासलेली की बोट फिरवलं तर कुठे अडत नव्हतं.

"काम चांगलं आहे," त्या म्हणाल्या. हे तीन शब्द त्यांनी कसे बाहेर काढले ते त्यांनाच ठाऊक. "फक्त नाकाच्या गाद्या बाहेर वळवायला हव्यात."

त्यांनी चिमटा घेतला, गाद्या केसभर वळवल्या आणि चष्मा लेकीच्या नाकावर बसवला. मग तक्ता वाच म्हणाल्या. लेक म्हणाली, "आई, तो मला पाठ आहे." काचबाईंनी भिंतीवरून तक्ता काढून उलटा लावला. उलटी अक्षरं लेकीने एकेक करून, अडखळत वाचली, आणि सगळी बरोबर वाचली.

ह्यानंतर सगळं गोडीगुलाबीचं झालं असं मी म्हणणार नाही. लेकीने परत गेल्यावर वरच्या नंबरला पुन्हा फोन करायला सुरुवात केली, आणि काचबाईंनी प्रश्न कमी करायचा प्रयत्न केला. घड्याळ मात्र समोर असायचंच. एकदा अठरा मिनिटं झाली, एकदा सव्वीस. खालची मिनिटं कायम जास्त राहिली. धाकटीची वाटी आता भरून परत जायची, पण पार्लरमधलं हसू वर ऐकू आलं की काचबाई अजूनही भांडी जोरात आपटायच्या. तेवढंच बरं की आता धाकटी खालून ओरडायची, "ताई, तुमच्याबद्दल नाही हसत आहोत."

मग एका सोमवारी त्यांनी मला सांगितलं की त्यांनी त्या दुसऱ्या शहरातल्या चष्म्याच्या दुकानाला फोन केला. लेकीच्या चष्म्याच्या डबीवर नंबर छापलेला होता. काच बसवणाऱ्याला बोलवा म्हणाल्या. फोनवर एक बाई आली, ह्यांच्याच वयाची. आधी ती घाबरली, तक्रार आहे की काय म्हणून. मग दोघी अर्धा तास बोलल्या. कुठलं चाक वापरता, कडेला शेवटचा हात कोरडा फिरवता की ओला, मालक कसा आहे.

"हात चांगला आहे तिचा," काचबाई म्हणाल्या. "नाकाच्या गाद्यांकडे लक्ष देत नाही, पण हात चांगला आहे." मग म्हणाल्या, "तिची मुलगी तिला रोज फोन करते म्हणे. एकाच गावात राहून." हे त्यांना नुसतं सांगून संपवता आलं नाही. दिवसभरात त्या दोनदा म्हणाल्या, "रोज."

लेकीला ह्या फोनचं कळलं तेव्हा ती दोन दिवस चिडलेली होती. मग एका दुपारी तिने वरच्या नंबरला फोन केला. काचबाई कामावर होत्या. यजमान मीटर लवकर आटपून घरी आले होते, त्यांनी उचलला. बापलेक पंचवीस मिनिटं बोलले. जो माणूस घरात दिवसाला पंचवीस शब्द बोलत नव्हता, तो. काय बोललात, असं काचबाईंनी जेवताना त्यांना चार वेळा विचारलं. ते म्हणाले, "असंच."

दुसऱ्या दिवशी काचबाई दुकानात आल्या, पर्स टेबलावर ठेवली आणि मला म्हणाल्या, "घ्या. आता ह्यांचंही सुरू झालं."